कोंबडीच्या पेशीतच तयार होणारी लस

बर्ड फ्लूची बातमी आली की बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्यांकडे गोव्यातील गिऱ्हाईक संशयाने पाहू लागते. अलीकडे त्यात एका व्हॉट्सअ‍ॅप संदेशाची भर पडली आहे: म्हणे डीएनए लस टोचलेली कोंबडी खाल्ली की माणसाची जनुके बदलतात. वास्तविक शागुतीच्या प्रत्येक घासाबरोबर आपण कोंबडीच्या असंख्य पेशींमधला डीएनए पचवत असतो, आणि त्यामुळे आजवर कोणाला पिसे फुटल्याचे ऐकिवात नाही.

नेहमीची फ्लूची लस कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत विषाणू वाढवून आणि मग तो मारून बनवतात. डीएनए लशीत विषाणू नसतोच. त्याच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे जनुक तेवढे प्लाझ्मिड नावाच्या वर्तुळाकार डीएनएत बसवतात आणि ते प्लाझ्मिड ई. कोलाय जिवाणूत वाढवून शुद्ध करतात. ते स्नायूत टोचल्यावर त्यातील थोडीच वर्तुळे पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतात. मात्र जनुकाच्या पुढे एक प्रबळ प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारी कळ, जोडलेली असल्याने तेथे आरएनएच्या प्रती निघू लागतात आणि कोंबडीचीच रायबोसोम त्यांवरून विषाणूचे प्रथिन घडवतात. यातील खरी गंमत पुढे आहे. हे प्रथिन पेशीच्या आतच जन्मल्यामुळे त्याचे तुकडे पेशी आपल्या पृष्ठभागावर मांडते, आणि त्यामुळे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींबरोबरच संसर्गित पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशीही सावध होतात. मृत विषाणूच्या लशीला हे दुसरे काम फारसे साधत नाही. शिवाय प्लाझ्मिडचा प्रतिकृती-आरंभबिंदू, म्हणजे जेथून डीएनएची नक्कल सुरू होते ती जागा, जिवाणूचा असल्याने कोंबडीच्या पेशीत त्याच्या प्रती वाढत नाहीत.

१९९३ साली अमेरिकेत हॅरिएट रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी तीन आठवड्यांच्या कोंबड्यांना एच७ प्रथिनाचे (हिमॅग्लुटिनिनच्या एका प्रकाराचे) जनुक असलेला डीएनए टोचला, महिन्याने पुन्हा मात्रा दिली आणि नंतर नाकावाटे प्राणघातक एच७एन७ विषाणू दिला. रक्तात प्रतिपिंडे नगण्य असूनही सुमारे निम्म्या कोंबड्या वाचल्या. लस न दिलेल्यांपैकी दोन टक्केही वाचल्या नाहीत. पुढे २०१७ साली अमेरिकेच्या कृषी विभागाने कोंबड्यांसाठीच्या एच५ डीएनए लशीला सशर्त परवाना दिला. अशा लशीचा आणखी एक फायदा आहे: तिच्यामुळे विषाणूच्या आतील न्यूक्लिओप्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत नाहीत, म्हणून रक्त तपासून लस दिलेली कोंबडी आणि लागण झालेली कोंबडी वेगळी ओळखता येते.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. तीन आठवड्यांनी पहिली मात्रा आणि महिन्याने दुसरी, असे म्हटले तर सुमारे सहा आठवड्यांत बाजारात जाणारा ब्रॉयलर दुसऱ्या मात्रेपूर्वीच कढईत पोहोचलेला असतो, आणि हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचण्याची मजुरी वेगळीच. त्यामुळे अंड्यांसाठी दीर्घकाळ पाळल्या जाणाऱ्या कोंबड्यांनाच ही पद्धत आज परवडण्याजोगी वाटते. ब्रॉयलरसाठी मारेक या कोंबड्यांच्या विषाणुजन्य रोगाच्या लशीप्रमाणे उबवणीच्या अठराव्या दिवसाच्या सुमारास थेट अंड्यातच यंत्राने डीएनए टोचण्याचे प्रयोगही झाले आहेत.