पिल्लू चपला का कुरतडतं?

पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये चपलांचा स्टँड दाराशीच असतो, आणि घरात नवं पिल्लू आलं की पहिला बळी तिथलाच जातो. मग सोफ्याचा कोपरा, खुर्चीचा पाय, चार्जरची वायर. ‘याला वळण लावा’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात. पण त्याआधी पिल्लाच्या तोंडात काय चाललंय ते बघायला हवं.

पिल्लाचे दुधाचे दात 28. ते तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि साडेतीन-चार महिन्यांत पडायलाही लागतात. सहा-सात महिन्यांचं होईतो पक्के 42 दात येऊन जातात. माणसाच्या मुलाला याच अदलाबदलीला सहाएक वर्षं लागतात. पिल्लू ती तीन-चार महिन्यांत उरकतं. हिरडीखालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. मूळ झिजतं, दात हलतो, पडतो. बरेचदा पिल्लू तो गिळूनच टाकतं. हिरड्या सुजतात, खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग दिसतो. काहीतरी दाबून चावलं की त्या ठणकणाऱ्या हिरड्यांना आराम मिळतो. त्यात भर म्हणजे याच काळात लसी पूर्ण व्हायच्या असतात, पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती असते, म्हणून पिल्लू घरातच कोंडलेलं. पावसाळा असेल तर विचारायलाच नको.

चपलेला आपल्या पायांचा वास असतो, चामडं चिवट असतं. पिल्लाला याहून चांगलं काय मिळणार? म्हणून चपला उचलून बंद कपाटात ठेवणं हा पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. जुनी चपल खेळायला मात्र देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही.

त्याऐवजी भिजवून पिळलेला जाड सुती कपडा फ्रीजरमध्ये गोठवून द्या, किंवा अख्खं गार गाजर; दोन्ही आपल्या नजरेसमोर. रबरी खेळणं घेताना त्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतत नसेल तर ते दातांसाठी फार कठीण आहे. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. आंब्याची कोय आतड्यात अडकू शकते. बाल्कनीतला मनी प्लांट तोंडाची आग करतो. सोसायटीच्या बागेतली कण्हेर आणि सायकस मात्र जिवावर बेततात.

तोंडात नको ती वस्तू दिसली की मागे धावू नका. पिल्लाला तो खेळ वाटतो आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम पळवतं. खाऊचा तुकडा दाखवा, वस्तू सोडली की ‘सोड’ म्हणा आणि खाऊ द्या. सतत ओढून घेतलं तर ते वस्तू राखायला, गुरगुरायला शिकतं.

ऑफिसातून आल्यावर फाटलेली उशी दाखवून रागावणं अगदी निरुपयोगी, आणि मला ते क्रूरही वाटतं. ‘बघा, त्याला कळतंय, कसं तोंड पाडून बसलंय’ असं लोक म्हणतात. 2009 साली कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी नेमकं हेच तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरला असो वा नसो, तो ‘अपराधी’ चेहरा मालक रागावला की जास्त दिसायचा. म्हणजे पिल्लू आपला आवाज ओळखतं. तासांपूर्वी फाडलेल्या उशीशी त्याची सांगड घालत नाही.

संध्याकाळी पिल्लू सुसाट धावत हातापायांना चावत सुटलं तर बरेचदा ते दमलेलं असतं. या वयात त्याला दिवसातून अठरा ते वीस तास झोप लागते. शांत कोपऱ्यात झोपवा.

खेळताखेळता दात लागून रक्त आलं तर मात्र दुर्लक्ष नको. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांनंतर मिळते, त्यामुळे लहान पिल्लाचा चावाही गंभीरपणे घ्यायचा: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि सातव्या महिन्यात पिल्लाचं तोंड पशुवैद्याला दाखवा. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याशेजारी तसाच उभा राहतो, मधे अन्न अडकून हिरडी सडते. तो काढावा लागतो.