फेरोइलेक्ट्रिक फिल्म आणि क्रांतिक जाडीचा गुंता

डोमेनच्या, म्हणजे चुंबकत्व किंवा ध्रुवीकरण एकाच दिशेने असलेल्या भागांच्या, रुंदीचा वर्गमूळ-नियम (रुंदी जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात) 1946 साली चुंबकीय पदार्थांसाठी पुढे आला आणि काही वर्षांतच फेरोइलेक्ट्रिक स्फटिकांनाही (ज्यांत विद्युत ध्रुवीकरण आपोआप असते आणि बाहेरच्या क्षेत्राने उलटवता येते) लावला गेला. फिल्म शंभर पट पातळ केली, तर डोमेन दहा पट अरुंद होतात. दोन डोमेनमधली भिंत उभी राहायला ऊर्जा लागते. भिंतीच नसतील, तर पृष्ठभागांवरचे न शमलेले विद्युतभार विध्रुवीकरण क्षेत्र निर्माण करतात, आणि हे क्षेत्र ध्रुवीकरणालाच विरोध करते. हा ताळमेळ जाडीनुसार बदलतो.

खरा गुंता झाला क्रांतिक जाडीवरून, म्हणजे जिच्याखाली ध्रुवीकरण टिकत नाही त्या जाडीवरून. 2003 मध्ये एका गणिती अभ्यासाने बेरियम टायटनेटसाठी सहा युनिट सेल (स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान रचनेचा घटक), म्हणजे सुमारे 2.4 नॅनोमीटर, ही मर्यादा सांगितली. पुढच्याच वर्षी क्ष-किरणांच्या प्रयोगात लेड टायटनेटची तीन युनिट सेलची, 1.2 नॅनोमीटर जाडीची फिल्म खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिक आढळली. मग हे दोन आकडे एकमेकांसमोर उभे केले जाऊ लागले. माझ्या मते ही तुलनाच चुकीची होती. पदार्थ वेगळे होतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे गणितात धातूच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये अखंड एकाच दिशेचे ध्रुवीकरण गृहीत धरले होते. इलेक्ट्रोड पृष्ठभागावरचा भार पुरता शमवत नाहीत, म्हणून ते ध्रुवीकरण कोसळत होते. प्रयोगातली फिल्म विद्युतरोधक स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वाढवलेली होती. तिने उलटसुलट दिशांच्या अरुंद पट्ट्या करून विध्रुवीकरण क्षेत्रापासून सुटका करून घेतली. एकसंध ध्रुवीकरण कधी संपते आणि ध्रुवीकरणच कधी संपते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीमेवरची परिस्थिती न सांगता दिलेल्या क्रांतिक जाडीला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

त्यानंतरचा काळ अधिक रोमांचक आहे. लेड टायटनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटचे थर आलटून पालटून रचलेल्या सुपरलॅटिसमध्ये 2016 साली ध्रुवीकरणाचे भोवरे दिसले, तर 2019 मध्ये ध्रुवीय स्किर्मिऑन, म्हणजे ध्रुवीकरणाच्या दिशा गुंफून झालेल्या बारीक गाठी. या रचनांमध्ये प्रत्येक थराची जाडी दहा ते सोळा युनिट सेलच्या आसपास होती. थर याहून फार पातळ किंवा फार जाड केले, की भोवरे जाऊन दुसरीच रचना येते.

हाफ्नियम ऑक्साइडने तर जुनी अपेक्षाच उलटवली. झिर्कोनियम मिसळलेल्या त्याच्या 1 नॅनोमीटर जाडीच्या फिल्ममध्ये, तीही सिलिकॉनवर, 2020 साली फेरोइलेक्ट्रिक गुणधर्म आढळले. इथे जाडी घटताना ध्रुवीय विकृती, म्हणजे ध्रुवीकरण घडवणारे अणूंचे सरकणे, वाढत गेली.