एप्रिलमध्ये हुकलेले पंधरा दिवस

पुण्यात पाण्याची लाइन टाकायची तर रस्ता खणायला साधारणपणे पावसाळा संपल्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच मुभा असते. मे महिना चर बुजवण्यात आणि डांबर ओतण्यात जातो, मग पाऊस येतो. समजा, एका रस्त्याचं काम 10 एप्रिलला सुरू होऊन पंधरा दिवसांत उरकायचं होतं आणि पाइप पंधरा दिवस उशिरा आले. कागदावर उशीर पंधरा दिवसांचा. प्रत्यक्षात ते काम दिवाळीच्या आगेमागे सुरू होणार, म्हणजे सहा महिने गेले. हेच पाइप नोव्हेंबरमध्ये पंधरा दिवस रखडले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

पाण्याच्या कामांत वेळ असा पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो, आणि धरणात तर ही पायरी वर्षाची असते. मातीचं धरण बांधताना नदीच्या दोन्ही काठांकडून भराव चढवत आणतात आणि मधली घळ नदीला वाहायला मोकळी ठेवतात. मग एका कोरड्या हंगामात ती घळ भरून काढायची. याला घळभरणी म्हणतात. पावसाळा संपल्यावर सुरुवात करून पुढचा पूर येण्याआधी भराव सुरक्षित उंचीला न्यायचा, आणि तोवर जादा पाणी वाहून नेणारा सांडवा आणि पाणी सोडायचे विमोचक तयार हवेत. जमणार नसेल तर घळ तशीच ठेवून वर्षभर थांबायचं. अर्धवट घळभरणीइतकी वाईट गोष्ट नाही.

पुण्याला हे सांगायला नको. पानशेत धरणाचं काम 1962 मध्ये पूर्ण व्हायचं होतं, पण पाणी एक वर्ष आधीच, 1961 च्या पावसाळ्यात अडवायचं ठरलं. भराव उभा राहिला, विमोचकाचं काम मात्र अपुरं होतं. पाऊस जोरात लागला, पाणी झपाट्यानं चढलं, अपुऱ्या विमोचकातून प्रवाह हिसके देत वाहू लागला आणि त्याच्यावरचा भराव खचायला लागला, अडीच तासांत सुमारे 1.4 मीटर. जवानांनी वाळूची पोती रचली, पण 12 जुलैच्या सकाळी धरण गेलं. खाली एकोणिसाव्या शतकातलं खडकवासला होतं, तेही फुटलं. लांबून बघणाऱ्याला जवळजवळ पूर्ण झालेलं धरण दिसत होतं. धोका राहिलेल्या थोड्याशा कामात होता.

राहिलेल्या कामांतलं नेमकं कोणतं घातक, हे ओळखायची पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. ड्यूपाँट कंपनीनं कारखान्यांसाठी आणि अमेरिकी नौदलानं क्षेपणास्त्रांसाठी ती जवळपास एकाच वेळी वापरात आणली. सगळी कामं मांडायची, कुठलं कशाच्या आधी व्हायला हवं ते बाणांनी जोडायचं आणि प्रत्येक कामाला किती सवड आहे, म्हणजे ते किती लांबलं तरी चालेल, ते काढायचं. ज्या कामांना सवड शून्य, त्यांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम आठवडाभर लांबलं की सगळा प्रकल्प किमान आठवडाभर लांबतो.

गंमत अशी, की पाण्याच्या योजनेत ही साखळी बहुधा मोठ्या पाइपातून जातच नाही. ती रेल्वे ओलांडायच्या परवानगीतून, जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) जागेतून आणि माणसांतून जाते. पूर्व पुण्याला पाणी देणारी भामा आसखेड योजना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावर वारंवार अडली आणि जानेवारी 2021 मध्ये सुरू झाली. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी आणायच्या बंद जलवाहिनीचं त्याहून वाईट झालं. 9 ऑगस्ट 2011 ला मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक शेतकरी गेले आणि काम वर्षानुवर्षं ठप्प राहिलं. आराखड्यात ‘भूसंपादन’ हा शब्द एका चौकटीत बसतो. तिथे बाण काढणं सोपं आहे.

आता थोडं गणित. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे 141 झोन पाडले आहेत. धरून चालू, की प्रत्येक झोन वेळेत पूर्ण होण्याची खात्री 99 टक्के आहे आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग सगळेच्या सगळे वेळेत होण्याची शक्यता किती? 141 वेळा 0.99 मांडून त्यांचा गुणाकार करा, उत्तर येतं सुमारे 24 टक्के. इतकं चोख काम असूनही चारांत तीनदा उशीर. म्हणून ‘सगळे विभाग वेळेवर आहेत’ असं बैठकीत ऐकलं की मला जरा धास्तीच वाटते.

उशिराचे पैसे दोन वाटांनी लागतात. एक भाववाढ: वर्षाला 6 टक्के धरली तर 100 कोटींचं काम पाच वर्षांनी 134 कोटींचं होतं, कुणी काही खाल्लं नाही तरी. मग सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे जलसंपदा खात्याच्या बोलीतली ‘सुप्रमा’. दुसरी वाट व्याजाची. समान पाणीपुरवठा योजनेसाठीच महापालिकेनं जून 2017 मध्ये 200 कोटींचे रोखे 7.59 टक्क्यांनी काढले आणि त्यानंतर निविदा रद्द होऊन नव्यानं निघाल्या. त्या रकमेवरचं व्याज दिवसाला चार लाखांहून जास्त होतं. न वापरलेली रक्कम ठेवीत ठेवून काही परत येतं, पण व्याजाचं मीटर थांबत नाही.

मग अंदाज बांधायचा कसा? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये जगभरच्या 245 मोठ्या धरणांचा हिशेब मांडला. भाववाढ वजा करूनही खर्च अंदाजापेक्षा सरासरी 96 टक्के जास्त, वेळ 44 टक्के जास्त. त्यांचं म्हणणं साधं आहे: ‘आपल्याला किती वेळ लागेल’ असं विचारूच नका, ‘अशा कामांना इतरांना किती लागला’ ते बघा. घर बांधणारा शेजाऱ्याला हेच विचारतो. सरकारी अंदाजपत्रक बनवताना मात्र कामांच्या ठरलेल्या दरांची दरसूची उघडली जाते, शेजारी नाही.

आणि सवड कुठे ठेवायची? शेवटी ठेवली तर ती आधीच खर्ची पडते. पुण्यात ती पावसाळ्याच्या आधी हवी. इथे आर्थिक वर्ष आडवं येतं. पैसे एप्रिलपासून मिळतात, निविदेची प्रक्रिया काही महिने चालते, कार्यादेश हातात येतो तेव्हा कोरडा हंगाम निम्मा सरलेला असतो. त्यातून वाट एकच: सर्वेक्षण, नकाशे, निविदा आणि पाइपांची खरेदी पावसात उरकायची. त्यामुळे ऑगस्टच्या चिखलात तुमच्या सोसायटीबाहेर पाइप येऊन पडलेले दिसले, तर वैतागण्याआधी एवढं बघा, की ते याच वर्षी आलेत का.