जिलेटिनमध्ये शिंगं नसतात

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर तोच निरोप फिरून येतो: जेली, मार्शमेलो, औषधाच्या कॅप्सूल, या सगळ्यांतलं जिलेटिन जनावरांची खुरं आणि शिंगं उकळून करतात, शाकाहारींनो सावधान! जनावरांपासून करतात हे खरं. कुणाला ते टाळायचं असेल तर तेही रास्त. पण खुरं-शिंगांचा भाग साफ चुकीचा आहे. शिंग, खुराचं कवच, नख, केस हे सगळं केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. दिवसभर उकळा, जिलेटिन मिळणार नाही. ते मिळतं कातडी, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) यांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून. पायाचं सूप रात्री फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी थलथलीत होतं, ते यामुळेच. वरचा पांढरा थर चरबीचा, तो वेगळा.

कोलॅजेन हे मला शरीरातलं सगळ्यात देखणं प्रथिन वाटतं. तीन साखळ्या, प्रत्येकीत सुमारे हजार अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी. सुटी साखळी डावा पीळ घेते आणि तिन्ही मिळून उजवा. काथ्याचा दोर वळताना असंच करतात: पदराचा पीळ एकीकडे, दोराचा उलट, म्हणजे ओढलं की दोर सुटत नाही, आणखी आवळतो. प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन असतं. अमिनो आम्लांत सगळ्यात लहान हेच, त्याला बाजूची फांदी म्हणून फक्त एक हायड्रोजन. तिन्ही पदर वळले की दर तिसरं अमिनो आम्ल नेमकं गाभ्यात येतं, आणि तिथे हायड्रोजनहून मोठं काही मावतच नाही. एखाद्या जागी ग्लायसिनऐवजी दुसरं काही आलं तरी पीळ बिघडतो. हाडं ठिसूळ होण्याचा एक आनुवंशिक आजार असाच होतो.

इतर जागांवर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन या अमिनो आम्लांची गर्दी. हायड्रॉक्सिप्रोलिन म्हणजे साखळी तयार झाल्यावर एक ऑक्सिजन जोडलेलं प्रोलिन. ही जोडणी करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्व लागतं. तो ऑक्सिजन नसेल तर कोलॅजेन 24 अंश सेल्सिअसच्या आसपासच उलगडतं, अंगाच्या उष्णतेत ते टिकणार कसं? क जीवनसत्त्व न मिळाल्याने स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं त्याचं मूळ इथे आहे. थंड समुद्रातल्या कॉडसारख्या माशांत हायड्रॉक्सिप्रोलिन मुळातच कमी, म्हणून त्यांच्या जिलेटिनची जेली घरातल्या तापमानालाच पाणी होते.

ही तिपेडी रचना 1954 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली आणि पुढच्या वर्षी तिच्यात पिळाची दुरुस्ती केली. क्ष-किरण चित्रांसाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा वापरली होती. डीएनएचा दुपेडी गोफ आपल्या पाठ्यपुस्तकांत असतो. मद्रासचा तिपेडी गोफ किती जणांनी ऐकलाय?

कारखान्याचं काम म्हणजे हा दोर उकलायचा, पण धागे फार तुटू द्यायचे नाहीत. भारतात मुख्यतः गुरांची हाडं वापरतात, युरोपात डुकराची कातडीही. हाडांचे तुकडे करून चरबी काढतात, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून जातं (ते पशुखाद्यात जातं, वाया नाही) आणि मऊ, लवचीक ओसीन, म्हणजे हाडातलं कोलॅजेन, उरतं. ते कित्येक आठवडे चुन्याच्या पाण्यात मुरवतात. जून जनावरात दोरांना एकमेकांशी बांधणारे बंध असतात, ते चुना हळूहळू सोडवतो. डुकराच्या कोवळ्या कातडीला थोडा वेळ आम्ल पुरतं. मग धुऊन गरम पाण्यात अर्क काढतात. पहिली खेप साधारण 50 ते 60 अंशांना, पुढच्या अधिकाधिक गरम, शेवटची उकळीच्या जवळ. पहिली खेप सगळ्यात फिकी आणि घट्ट जमणारी, कारण तिचे धागे सगळ्यात लांब. मग गाळणं, आटवणं, थंड करून शेवया पाडणं, वाळवणं, दळणं.

घट्टपणा मोजायला ऑस्कर ब्लूम यांची जुनी पद्धत अजून चालते. 6.67 टक्के जिलेटिनची जेली 10 अंशांना रात्रभर ठेवायची आणि ठरावीक मापाची दांडी तिच्यात 4 मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम वजन लागतं ते पाहायचं. हा आकडा म्हणजे ब्लूम.

गंमत अशी की सुटे झालेले धागे थंड होताना पुन्हा पीळ घालू पाहतात. पूर्ण दोर आता जमत नाही, कारण जोडीदार हरवलेले असतात. जो शेजारी सापडेल त्याच्याशी थोड्या लांबीपुरता तिपेडी पीळ पडतो, पुढे तोच धागा तिसऱ्याच कुणात गुंततो. असं जाळं होतं आणि त्यात पाणी अडकतं. जेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असूनही ती उभी राहते. हे आखूड पीळ 30 ते 35 अंशांना सुटतात, म्हणून जेली जिभेवर विरघळते आणि मे महिन्यात नागपुरात ओट्यावर जमत नाही.

सध्या याच कोलॅजेनची पूड ‘त्वचा तरुण ठेवते’ म्हणून चढ्या भावात विकली जाते. पोटात गेलेलं कोलॅजेन पचतं. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे रक्तात पोचतात, पण ते थेट गालावर जाऊन बसावेत अशी काही सोय शरीरात नाही. हा उत्साह जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये गरिबांना आणि रुग्णांना स्वस्त पोषण म्हणून हाडांच्या जिलेटिनचं सूप पाजत. 1841 साली फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅजांदी यांच्या समितीने अहवाल दिला: नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत. कारण पुढे कळलं. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल जिलेटिनमध्ये नसतंच.

टाळायचं असेल तर घटकांच्या यादीत ‘जिलेटिन – प्राणिजन्य’ असा उल्लेख शोधा, भारतात तो बंधनकारक आहे. घरी चायना ग्रास वापरता येतं. ते समुद्री शेवाळातलं कर्बोदक. 40 अंशांच्या खाली जमतं, पण वितळायला 85 अंश लागतात. त्यामुळे त्याची जेली तोंडात विरघळत नाही, चावावीच लागते.