हार्ट फेल्युअरच्या पेशंटची पुनर्भरती : ग्रामीण विदर्भ

हार्ट फेल्युअरचा (हृदयाचा पंप नीट काम करत नसलेला) पेशंट सुट्टी होऊन घरी गेला आणि थोड्याच दिवसांत दम लागून किंवा अंगावर सूज येऊन परत ॲडमिट झाला तर त्याला पुनर्भरती म्हणतात, मोजताना बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची मुदत धरतात. अमेरिकेत ६५ च्या वरच्या पेशंटांपैकी चार-पाच जणांतला एक महिन्याच्या आतच परत येतो, आणि जिथे हे प्रमाण जास्त तिथल्या दवाखान्यांचे सरकारी पैसे २०१२ पासून कापले जातात. आपल्याकडे असलं काही नाही आणि नोंदही धड होत नाही, कारण पेशंटची सुट्टी झाली यवतमाळला आणि पुढच्या वेळी नातेवाईकांनी वर्ध्याजवळच्या सावंगीला नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजला नेलं तर तिथल्या कागदावर तो नवीनच पेशंट असतो.

देशपातळीवर नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीचा आधार आहे. तिच्यात ५३ दवाखान्यांतले १० हजारांहून जास्त पेशंट होते, सरासरी वय ६० च्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी. ९० दिवसांत साधारण सातातला एक जण दगावला. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना ठरलेली सगळी औषधं मिळत होती, आणि शाळेत न गेलेल्या लोकांमध्ये मृत्यू जास्त होते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पेशंट परत येतो तो नुसत्या हृदयामुळे येत नाही, बरंचसं सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घरी काय होतं त्यावर ठरतं.

सुट्टी होतानाच राहिलेलं पाणी

सगळ्यात पक्कं कारण म्हणजे पेशंट अर्धवट कोरडा होऊन घरी जातो. इंजेक्शनने लघवी होते, दोन दिवसांत दम कमी होतो, रात्री आडवं झोपता येतं, आणि घरचे म्हणतात बरं झालं, चला. सोबत थांबलेल्या माणसाची रोजी बुडत असते, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, डॉक्टरलाही खाट मोकळी हवी असते. पण पायावर, पोटात, फुफ्फुसात पाणी अजून शिल्लक असतं. त्यात आतड्याला सूज असली की घरी घेतलेली लघवीची गोळी इंजेक्शनसारखी लागू पडत नाही. सुट्टीच्या दिवसाचं वजन कार्डावर लिहिलेलंच नसेल तर पुढे वाढलं की कमी झालं हे कोण सांगणार?

गेल्या सहा महिन्यांत आधीच एकदा भरती झालेली असणं हाही मोठा धोका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं, सोडियम कमी, वरचं बीपी कमी, बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) न उतरलेलं, शुगर, नाडी अनियमित असणं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हे सगळं तपासणीत दिसतं. दम्यासारखा सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार) असला तर अजून घोळ, आणि तो फक्त बिडीवाल्यांना असतो असं नाही, वर्षानुवर्ष चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही असतो, मग दम हृदयाचा की फुफ्फुसाचा हे ठरवण्यातच वेळ जातो. शिवाय हार्ट फेल्युअरनंतर महिन्याच्या आत परत येणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच हार्ट फेल्युअरसाठी येतात, बाकीचे निमोनिया, किडनी, इन्फेक्शन असल्या कारणांनी.

विदर्भात रक्ताची तपासणी जरा जास्तच लक्ष देऊन बघावी लागते. ॲनिमिया पुनर्भरतीचा धोका वाढवतो हे सगळीकडेच खरं, पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथे हिमोग्लोबिन कायमच कमी राहून हृदयावर जादा काम पडतं, आणि रक्त भराभर चढवलं तर त्यानेच पाणी वाढून दम लागतो. तपासणी न करता डोळे झाकून लोह देणंही सिकलसेलमध्ये बरोबर नाही. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेली तरुण पोरं-बाया अजूनही येतात, त्यांचं दर तीन-चार आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकलं की ताप उलटून व्हॉल्व्ह अजून बिघडायची भीती असते.

गोळ्या सुटणं

"आता बरं वाटून रायलं, मंग गोळ्या कायले खाच्या?" हे वाक्य वॉर्डात इतक्या वेळा ऐकू येतं की सुट्टीच्या कार्डावर त्याचं उत्तर छापून द्यायला हरकत नाही. बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, हे चार गट पंपिंग कमी असलेल्यांत आयुष्य वाढवतात, पण त्यातल्या काहींचा गुण दिसायला वेळ लागतो आणि लघवीच्या गोळीसारखा दुसऱ्या दिवशी फरक कळत नाही, म्हणून नेमक्या त्याच आधी सुटतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर भाव बराच उतरला तरी सगळ्या मिळून महिन्याचा खर्च मजुरीवर चालणाऱ्या घराला जडच. फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरतीचा खर्च उचलते, वर्षभराच्या गोळ्यांचा नाही. मग बुढ्याच्या गोळ्या दिवसाआड होतात, किंवा दोघंही पेशंट असले तर बुढ्याच्या गोळ्यांच्या पानातून बुढी खाते.

मीठ, सलाईन आणि दुखण्याची सुई

डाएट शीटवर "मीठ कमी" असतं, घरात ठेचा, लोणचं, पापड, कुरडया असतात. भाजीत मीठ कमी करून वरून लोणचं घेतलं तर उपयोग काय. सैंधव मीठ चालतं असं बरेच जण समजतात, तेही सोडियम क्लोराईडच. "लो सोडियम" मीठ त्याहून वाईट ठरू शकतं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. तसं मीठ अगदीच तोडून टाकायचीही गरज नाही, २०२२ च्या सोडियम-एचएफ अभ्यासात फार कडक पथ्याने भरती किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, जादाचं टाळणं एवढंच.

मिठापेक्षा मला जास्त भीती वाटते ती सलाईनची. अशक्त वाटलं, चक्कर आली की गावच्या दवाखान्यात "एक सलाईन लावून द्या ना" ही मागणी ठरलेली, आणि नाही म्हणणारा डॉक्टर लोकांना चांगला वाटत नाही. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, आणि इथे ते अर्ध्या लिटर पाण्यासकट तासाभरात थेट रक्तात जातं, त्या रात्री पेशंट दम लागून उठून बसला तर नवल नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कंबर, गुडघे दुखतात म्हणून घेतलेलं डायक्लोफेनॅक किंवा तसल्या गोळ्या. कापूस वेचणीत दिवसभर वाकून कंबर धरते, ते दुखणं खोटं नाही, पण ही औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा असर कमी करतात आणि किडनीला मारतात. दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. दारू आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) यांचा हिशेब वेगळा, खर्ऱ्यातल्या निकोटिनने नाडी आणि बीपी वाढतं आणि दवाखान्यातसुद्धा तो उशीखाली सापडतो.

अंतर आणि हंगाम

भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब, पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तालुकाच तुटतो. मेळघाटात धारणी, चिखलदऱ्याकडच्या गावांचंही तसंच. सात दिवसांनी दाखवायला या असं सांगितलं तरी एसटी, सोबतीचा माणूस आणि बुडणारी रोजी या तिन्हींचा मेळ बसत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की उलटा प्रकार होतो, घाम आणि लघवीच्या गोळीने पाणी कमी पडून चक्कर, क्रिएटिनिन वर, मग घाबरून गोळी बंद आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सूज. डोस उन्हाळ्यात बदलावा लागू शकतो, पण तो डॉक्टरला विचारून.

काय उपयोगी पडतं

पुनर्भरतीचा धोका मोजायला लेससारखे (LACE) स्कोअर आहेत, त्यात भरतीचे दिवस, तातडीची भरती, इतर आजार आणि आधीच्या तातडीच्या फेऱ्या मोजतात आणि १० किंवा त्याहून वर गेला की धोका जास्त धरतात. कॅनडात तयार झालेला आहे, पंचवीस किलोमीटरवरून डबल सीट येणाऱ्याचं गणित त्यात नाही. त्यापेक्षा वजनकाटा कामाचा, रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी, तीन दिवसांत दोन किलो वाढलं की दम लागायची वाट न बघता फोन करायचा. घरी काटा नसला तर उपकेंद्रात किंवा आशाताईकडे सोय होते का ते सुट्टीआधीच विचारून ठेवावं.

२०२२ च्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात सुट्टीनंतर दोन आठवड्यांत औषधं पूर्ण डोसपर्यंत नेली आणि दोन महिन्यांत चार वेळा तपासलं, तर १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची पुनर्भरती नेहमीच्या उपचारातल्या २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आली. त्या भेटींमध्ये लागतं काय तर बीपी, नाडी, वजन, सूज बघणं आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमसाठी रक्त. पहिल्या चार गोष्टी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होतात, रक्ताचा नमुना पुढे पाठवता येतो, आणि डोस वाढवायचा की नाही ते जिल्ह्याचा फिजिशियन फोनवर सांगू शकतो, अट एवढीच की सुट्टीच्या कार्डावर कोणती गोळी किती आणि पुढे किती करायची हे वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेलं असावं.