पापमुक्ती (ख्रिस्ती)

येशू ख्रिस्तावरील विश्वासाने माणूस पापाच्या दोषातून आणि पापाच्या सत्तेतून सुटतो, ही ख्रिस्ती धर्माची गाभ्याची शिकवण. सातारा-सांगली भागातल्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समाजांत, तिच्यासाठी ‘तारण’ हा शब्द रुळला आहे. याच भागात पतसंस्थांच्या दारावर ‘सोनेतारण कर्ज’ अशा पाट्या दिसतात, आणि भाव पडले की हळदीची पोती गोदामात तारण ठेवून शेतकरी उचल घेतो. त्यामुळे नव्याने ऐकणाऱ्याच्या मनात आधी गहाण येते. धर्मातला अर्थ ‘तारणे’वरून आला आहे: बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे. तरीही गहाणाची आठवण अगदी परकी नाही. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, पापी माणसाला पापाचा दास म्हणतो. आणि जो स्वतःच गहाण पडला, त्याला सोडवायला रक्कम दुसऱ्यालाच भरावी लागते. येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून द्यायला आला, असे मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या एका चरित्रात, आहे (१०:४५). छत्रपतींच्या साताऱ्यात खंडणी म्हणजे मांडलिकाने भरायची रक्कम, आजच्या बातम्यांत ती गुंड उकळतात. येथे मात्र बंदिवान सोडवणाराच ती स्वतःच्या प्राणाने भरतो.

पाप या अर्थी नव्या करारात येणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नेम चुकणे. चोरी, व्यभिचार, खोटेपणा ही त्याची फळे; मूळ आहे ते देवाशी तुटलेले नाते. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात हे सर्वांत नितळ दिसते. बापाकडून घेतलेला वाटा उधळून परतणारा मुलगा निघण्याआधीच वाक्य जुळवून ठेवतो: मी मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला चाकरासारखे ठेवा. बाप दुरूनच त्याला पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, आणि चाकरीची गोष्ट मुलाच्या तोंडून बाहेर पडण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. कृपा म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, पापकबुलीला ‘पापे पदरी घेणे’ म्हटले आहे (१ योहान १:९). हा शब्द ज्याने निवडला त्याला मराठी माणसाचे मन ठाऊक असले पाहिजे. आपण दोष दुसऱ्याच्या माथी मारतो. तोच आपल्या पदरात घ्यायचा, आणि पदर झाकून न ठेवता देवापुढे पसरायचा. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूपुढे खासगीत पापनिवेदन होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सगळे मिळून पापे कबूल करतात, विशेषतः प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीआधी. पाळकांनी थोडा वेळ शांतता ठेवायला सांगितली की बाकांवर माना खाली जातात, आणि एरवी मोठ्याने गाणारी माणसेही त्या वेळी नुसते ओठ हलवतात.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. पहिला उद्गारच क्षमेचा आहे. दुसरा शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला उद्देशून: “आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.” त्या माणसाला व्रत, दान, परतफेड कशालाच वेळ उरला नव्हता. त्याच्याकडे होता तो विश्वास आणि एक विनवणी.

कृष्णाकाठी हे समजावणे सोपे नाही. वाईच्या घाटांवर, संगम माहुलीला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर स्नानाने पाप धुतले जाते ही जुनी श्रद्धा आहे. बाप्तिस्म्यातही, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेच्या विधीतही, पाणीच असते, पण तो एकदाच घ्यायचा, आणि क्षमा पाण्याने होते असे बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मानत नाहीत. जुने जीवन पुरले गेले आणि नवे सुरू झाले, याची ती उघड खूण.

या शिकवणीचा एक विपर्यास आजही लोकांना छळतो: आजार हे पापाचे फळ, ही समजूत. कुष्ठरोग्याला ‘मागच्या जन्मीचे पाप’ म्हणून घराबाहेर काढले जाई. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी येशूला विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? कोणाचेच नाही, असे त्याने उत्तर दिले (योहान ९). कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक विल्यम वानलेस यांनी अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीने १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केले. पुढे तेथे कुष्ठरुग्णांचीही सेवा झाली. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांचेच नाव चालवते. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशू आधी म्हणतो, “मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे,” आणि मग त्याला उठवतो. देहाची आणि जिवाची काळजी त्याने एकाच खोलीत घेतली.

साताऱ्यात या विचाराला मराठी भक्तीचा सूर मिळाला तो कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्यामुळे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असे म्हणत. अखेरच्या वर्षांत त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. तुकोबांनीही स्वतःला पतित म्हटले आणि विठ्ठलापुढे गाऱ्हाणे घातले, म्हणून ख्रिस्ती पश्चात्तापाची भाषा येथे नव्याने घडवावी लागली नाही. टिळकांची गीते मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात.

मुक्ती फुकट असली तरी तिच्यामागून हिशेब येतोच. जकातदारांचा मुख्य जक्कय याच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला, तेव्हा जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. क्षमा मिळावी म्हणून त्याने हे केले नाही; त्याचे घर आधीच स्वीकारले गेले होते. घरगुती प्रार्थनासभांत लोक उभे राहून ‘साक्ष’ देतात, तेव्हा तीत बहुधा असेच काही असते: सुटलेली दारू, भावाला परत केलेला बांध, वर्षानुवर्षे न बोललेल्या जावेकडे नेलेला डबा.