कार्ड हरवलं म्हणून मत जात नाही
“मतदान कार्ड नाही, तर बूथवर कायले जातं?” आमच्या यवतमाळकडे दर निवडणुकीत हे ऐकू येतं. हे खरं नाही. लोकसभा-विधानसभेला मतदार यादीत नाव हवं. ओळखीसाठी आधार, पॅन, लायसन, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, यातलं काहीही एक चालतं. रोजगार हमीचं जॉबकार्डसुद्धा! शेजारच्या काकूंचं कार्ड पुरात गेलं होतं. विधानसभेला कापूस वेचणं अर्ध्यावर सोडून, पिशवीत गुंडाळलेलं जॉबकार्ड घेऊन त्या गेल्या आणि बोटाला शाई लावूनच परतल्या.

उलट, कार्ड खिशात असून यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. नुसती मतदार चिठ्ठीही २०१९पासून ओळखपत्र म्हणून चालत नाही. नाव आधीच तपासा; हेल्पलाइन १९५०.